गाडी फडक्याने बिघडते : घरच्या घरी वाहन धुण्याचा धडा



दुकानाची जागा, मालाचा साठा आणि वाहन या तीन गोष्टींत आपल्यापैकी बहुतेकांचे भांडवल अडकलेले असते. जागेची डागडुजी आपण करतो. मालाला ऊन, ओल आणि उंदीर लागू देत नाही. वाहनाच्या बाबतीत मात्र इंजिनाचे तेल वेळेवर बदलले की आपले काम संपले, असे आपण धरून चालतो. बाहेरचा रंग ही शोभेची बाब आहे आणि तिच्यासाठी वेळ घालवणे ही चैन आहे, अशी एक समजूत आपल्यात आहे. आम्हीही बरीच वर्षे याच समजुतीत होतो. ती आम्हाला किती महागात पडली ते आधी सांगतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो.

आमचा व्यवसाय कापडाचा. शिरूरहून न्हावरा, पारगाव, चौफुला या मार्गाने दौंड भागातील लहान दुकानदारांना माल पोहोचवण्यासाठी आम्ही एक निळी बंद व्हॅन घेतली होती. रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी ती पुसायची, असा आमचा नेम होता. फडक्यांना तोटा नव्हता. टेरीकॉटची, अस्तराची कतरण दुकानात पडलेलीच असे. सात वर्षांनी गाडी विकायला काढली तेव्हा इंजिन ठणठणीत होते आणि कागदपत्रे पूर्ण होती. घेणाऱ्याने गाडी सावलीत उभी केली आणि मोबाइलची बत्ती बॉनेटवर तिरपी धरली. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा उठून दिसल्या. साऱ्या गाडीभर तोच प्रकार. "चाचा, गाडी चालवून नाही, पुसून पुसून म्हातारी झालीये," असे तो हसत म्हणाला आणि आमच्या अपेक्षेपेक्षा पंधरा हजार रुपये कमी देऊन गाडी घेऊन गेला.

तीस वर्षे कापड विकणाऱ्या माणसाने आपलीच गाडी कापडाने खराब केली होती. त्या दिवसापासून आम्ही हा विषय नीट समजून घेतला. तोच आज आपल्यापुढे मांडत आहोत.

रंग किती जाड असतो?

आपल्या शिरूर तालुक्यातच, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारी तयार होतात. जीप कंपास ही गाडी २०१७ पासून तेथे बनते. कोणत्याही मोटार कारखान्यात रंगकामाचा विभाग बंदिस्त ठेवतात आणि धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून हवासुद्धा गाळून सोडतात. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर बसवतात. या वरच्या थराला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चमक म्हणजे वास्तविक याच थराची चमक होय.

हे सर्व थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोट सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीचे रूप राखणारा थर केसापेक्षाही पातळ असतो.

आता आपल्याकडची धूळ पाहा. नगर रस्त्याची धूळ असो की सोलापूर रस्त्याची, तिच्यात वाळूचे बारीक कण असतात. वाळूतील गारगोटी काचेपेक्षाही कठीण असते. अशा धुळीवर कोरडे फडके फिरवले की त्या फडक्याचा पॉलिश पेपर होतो. आपण धूळ पुसतो आहोत असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात तीच धूळ आपण रंगावर घासत असतो. कोंबडीच्या पिसांचा झाडू किंवा मेण लावलेला सुती डस्टर रोज फिरवणाऱ्यांचेही हेच होते.

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : धूळ आधी पाण्याने उतरवायची, नंतरच गाडीला हात लावायचा. पुढची सारी रीत या एका नियमातून निघते.

फडक्याची पारख

हा आमच्या धंद्यातला विषय असल्याने थोडा सविस्तर लिहितो. टेरीकॉट, पॉलिस्टर आणि अस्तराचे कापड पाणी फारसे शोषत नाही आणि मळ पोटात घेत नाही. त्याचा पृष्ठभाग सपाट असल्याने वाळूचा कण कापड आणि रंग यांच्यामध्ये अडकून फिरत राहतो. जुन्या शर्टाची बटणे, काजे, जाड शिलाई हे वेगळेच शत्रू. मांजरपाट धुऊन मऊ झालेला असला तरी सपाटच. या कामाला लव असलेले कापड लागते, कारण कण लवेच्या मुळाशी जाऊन बसतो आणि रंगापासून दूर राहतो.

हल्ली सर्वत्र मिळणारे मायक्रोफायबर हे असेच कापड आहे. ते पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या जातीचा धागा, यांच्या मिश्रणाचे असते. ८०:२० किंवा ७०:३० असे प्रमाण वेष्टनावर लिहिलेले असते. कापड व्यापारी डेनिअर जाणतात : ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. एक डेनिअरपेक्षा बारीक तंतू म्हणजे मायक्रोफायबर. तंतू फोडून त्याच्या फाकी केलेल्या असतात आणि त्या फटींत पाणी व मळ धरला जातो. अशा अतिबारीक तंतूचे कापड १९७० साली जपानच्या तोरे कंपनीने बाजारात आणले.

खरेदी करताना तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, कापड तळहातावरून हलके ओढावे. चांगले मायक्रोफायबर हाताच्या खरबरीत कातडीला अडकल्यासारखे वाटते, नकली घसरते. दुसरी, त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब लगेच मुरला पाहिजे, तो वर घरंगळत राहिला तर कापड कामाचे नाही. तिसरी, कडा पाहाव्यात. जाड नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेली कडा आणि कडक लेबल, दोन्ही ओरखडा काढतात. लेबल कापून टाकावे. वजनाचा आकडा दर चौरस मीटरला ग्रॅम असा असतो. पुसण्यासाठी ३०० ते ४०० आणि पाणी टिपण्यासाठी ५०० च्या पुढचे घ्यावे.

आपल्या सोलापूरचा टेरी टॉवेलही टाकाऊ नाही. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि पाणी शोषण्यात तो उत्तम आहे. दरवाजाच्या फटी, पायदाणे आणि चाके यांसाठी तो बिनदिक्कत वापरावा. रंगावर मात्र मायक्रोफायबरच बरे.

फडकी धुण्याचेही शास्त्र आहे. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नये, कारण सुताचे रोम त्यात अडकतात. कपडे मऊ करणारे द्रावण टाकू नये, त्याने फटी बुजतात. उकळते पाणी आणि इस्त्री दोन्ही वर्ज्य, कारण जास्त उष्णतेने तंतू खराब होतो. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवशी पुन्हा रंगाला लावू नये. चाकाचे, आतले, काचेचे आणि रंगाचे अशी चार रंगांची चार फडकी ठेवली म्हणजे गोंधळ होत नाही.

पाणी : किती आणि कोणते?

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे ज्याला 'सख्त पानी' म्हणत, त्यालाच मराठी पुस्तकात दुष्फेन पाणी आणि गावात जड पाणी म्हणतात. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि रंगावर, काचेवर पांढरे ठिपके उमटतात. उन्हात तापलेल्या पत्र्यावर हे ठिपके लवकर बसतात आणि पुढे रंगात खोल जातात. तेव्हा बोअरच्या पाण्याने धुतले तरी शेवटचे पाणी शक्य तर नळाचे किंवा साठवलेले पावसाचे घ्यावे. तेही नसेल तर गाडी आपोआप वाळू न देता लगेच टिपून घ्यावी. आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या टाकाऊ पाण्यात क्षार आणखी वाढलेले असतात. ते चाकांना आणि पायदाणांना चालेल, रंगाला नको. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षाररहित असते. ते बाटलीत धरून काचेसाठी वापरावे.

आता किती पाणी? आमच्या नळाला पाइप लावून घड्याळ धरले, तर १५ लिटरची बादली एका मिनिटात भरली. पूर्वी आम्ही वीस मिनिटे पाइप सोडून गाडी धूत होतो. म्हणजे एका धुण्याला ३०० लिटर! आपल्याच तालुक्यात पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या भागांनी वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे. वुजूच्या पाण्यातसुद्धा इसराफ करू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. गाडीसाठी तर तो मुळीच शोभत नाही.

आता आमचे काम ४० लिटरच्या आत होते. त्याचे साधन आहे हाताने हवा भरायचा ५ लिटरचा फवारणी पंप. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला तो नवा नाही. मात्र एक इशारा : ज्या पंपातून कीटकनाशक किंवा तणनाशक मारले असेल तो कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नये. गाडीसाठी पंप नवा आणि वेगळा ठेवावा.

गाडी घोडनदीत किंवा भीमेच्या पात्रात उतरवून धुण्याची सवय काही टेम्पोवाल्यांना आहे. चाकाचे ग्रीस आणि तेल पाण्यात जाते आणि खालच्या गावांना तेच पाणी प्यावे लागते. शिवाय नदीच्या गढूळ पाण्यातली रेती फडक्यात येते ती वेगळीच. ही सवय सोडावी.

साबण कोणता?

कपडे धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. तिचे पाणी बरेच अल्कधर्मी होते. कपड्यावरचा तेलकट मळ काढायला ते योग्य, परंतु गाडीवरचे मेणही ते धुऊन नेते आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या पाडते. पावडरीचे न विरघळलेले कण घासले जातात ते निराळे. भांड्याच्या वडीत तर घासण्यासाठीच भुकटी घातलेली असते. ती रंगाला कधीही लावू नये. अंगाचा साबण जड पाण्यात फेस देत नाही, त्याचा चिकट साका तयार होतो आणि तो काचेवर बसतो.

मोटारीसाठी वेगळा शाम्पू मिळतो. तो साधारण उदासीन, म्हणजे ना आम्ल ना अल्क, असतो आणि त्यात घसरण आणणारे घटक असतात, त्यामुळे कण रंगावरून सरकून जातो. कोलकात्याची वॅक्सपोल ही देशी कंपनी, तसेच वेव्हेक्स, थ्रीएम, फॉर्म्युला वन, टर्टल वॅक्स अशी नावे बाजारात आहेत. आमचा कोणत्याही एका नावाचा आग्रह नाही. बाटलीवर 'पीएच न्यूट्रल' असे लिहिले आहे काय आणि एका बादलीला किती मिली लागते, हे पाहावे. स्वस्त बाटली जास्त ओतावी लागली तर ती स्वस्त राहत नाही.

पाणी फारच कमी असेल तेव्हा 'रिन्सलेस वॉश' नावाचे द्रावण उपयोगी पडते. एका बादलीत बाटलीवर सांगितल्याइतके टाकायचे, फडके भिजवून एकेक भाग पुसायचा आणि दुसऱ्या फडक्याने टिपायचे. नंतर पाणी मारावे लागत नाही. मात्र हे धुळीच्या गाडीसाठी आहे. काळ्या मातीचा चिखल बसला असेल तर आधी पाण्यानेच उतरवला पाहिजे.

धुण्याची रीत

१. गाडी सावलीत घ्यावी आणि इंजिन थंड होऊ द्यावे. सकाळी लवकर किंवा असरनंतरची वेळ चांगली. बॉनेटवर तळहात ठेवून पाहावा, चटका बसत असेल तर थांबावे.

२. चाके आधी धुवावीत. ब्रेकची काळी भुकटी उडते, ती स्वच्छ केलेल्या अंगावर पडू नये म्हणून हा क्रम. चाकांचे फडके आणि ब्रश वेगळे.

३. पंपाने वरून खाली पाणी मारावे. आधी टप, मग काचा, बॉनेट, दरवाजे आणि शेवटी खालचा भाग. दोन मिनिटे मुरू द्यावे आणि पुन्हा मारावे. येथे घाई करू नये. धूळ जेवढी येथे उतरेल तेवढे ओरखडे पुढे कमी.

४. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, मग तो साध्या पाण्यात खळबळून पिळावा आणि नंतरच पुन्हा शाम्पूत घालावा. एकाच बादलीत काम केले तर गाडीवरची वाळू बादलीत जाते आणि बादलीतून परत गाडीवर येते.

५. हात सरळ रेषेत आणि हलका चालवावा. गोल गोल घासू नये. दाराखालचा पट्टा सर्वांत मळका, तो शेवटी घ्यावा.

६. उन्हाळ्यात दोन-तीन भाग झाले की लगेच पाणी मारावे. शाम्पू रंगावर वाळू देऊ नये.

७. जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून ठेवावा आणि वरून हलका हात फिरवून पाणी टिपावे. रगडू नये. आरशांच्या खाली आणि दारांच्या फटींत पाणी अडते, ते टेरी टॉवेलने घ्यावे.

८. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे असतात. चिखलाने ती बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून गंजतो. खराट्याच्या काडीने ती महिन्यातून एकदा मोकळी करावीत.

हट्टी डाग

पक्ष्याची विष्ठा आम्लधर्मी असते. ती त्याच दिवशी काढावी. ओले फडके त्यावर दहा मिनिटे ठेवावे, नरम झाली की उचलून घ्यावी, घासू नये. संध्याकाळी सोलापूर रस्त्याने येताना पुढच्या भागावर किडे चिकटतात, त्यांनाही हाच उपाय. ऊस हंगामात केडगाव, खुटबाव, राहू भागातील गुऱ्हाळांची काजळी गाडीवर बसते. ती तेलकट असते आणि कोरडी पुसली की पसरते. शाम्पूचे पाणी मारून मुरू द्यावे.

डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने किंवा थोड्या डब्ल्यूडी-४० ने नरम होतात. लगेच शाम्पूने ती जागा धुवावी. जड पाण्याचे ताजे ठिपके पांढरा सिरका आणि पाणी समभाग घेऊन, थंड पत्र्यावर, मिनिटभर लावून धुतले तर जातात. जुने, खोल गेलेले ठिपके पॉलिशशिवाय जात नाहीत.

फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या बांधवांसाठी खास सूचना. ग्राइंडरच्या ठिणग्यांतील लोखंडाचे कण गाडीवर बसून रुततात आणि पुढे नारिंगी ठिपक्यांच्या रूपाने गंजतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. तो लोखंडाला भिडला की जांभळा होतो, यावरून तो काम करीत असल्याचे कळते. उरलेले कण क्ले बार नावाच्या चिकणमातीसारख्या वडीने, भरपूर शाम्पूचे पाणी लावून, हलक्या हाताने उचलतात. वडी जमिनीवर पडली तर फेकून द्यावी, तेथे काटकसर महागात पडते. अर्थात गाडी शेडपासून दूर उभी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

पुढचे दिवे पिवळे पडतात ते उन्हामुळे, कारण ती काच नसून पॉलिकार्बोनेट असते. १००० पासून ३००० नंबरपर्यंतच्या पाणपेपरने क्रमाक्रमाने ओले घासून नंतर पॉलिश केले की ते उजळतात. परंतु त्यावर अतिनील किरणे रोखणारा लेप दिला नाही तर काही महिन्यांत ते पुन्हा पिवळे होतात. टूथपेस्टने येणारी चमक तर थोड्याच दिवसांची.

मेण, पॉलिश आणि सिरॅमिक

हे तीन शब्द बाजारात एकमेकांत मिसळून वापरतात. त्यांतला फरक ओळखावा. पॉलिश रंग घासून समतल करते. रेघा जातात, पण त्याबरोबर क्लिअर कोटही थोडा जातो. केसापेक्षा पातळ थरातून असे किती वेळा काढणार? म्हणून पॉलिश गरजेपुरतेच करावे आणि यंत्र शिकल्याशिवाय हाती घेऊ नये. मेण काही काढत नाही, वर एक आवरण देते. कार्नोबा नावाचे मेण ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांपासून मिळते. आपल्या उन्हात ते दोनेक महिने टिकते. धुऊन कोरड्या केलेल्या गाडीवर अगदी पातळ लावावे, धूसर झाले की स्वच्छ फडक्याने पुसावे. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात.

सिरॅमिक कोटिंगसाठी हजारो रुपये घेतात. त्याने धूळ कमी चिकटते आणि धुणे सोपे होते, हे खरे. परंतु 'नाइन एच' हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाच्या कसोटीचा आहे. वाळूने ओरखडा येणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. चुकीच्या फडक्याने सिरॅमिकही खराब होते.

गाडीच्या आत : मालाची काळजी

आपल्या वाहनात माल असतो, म्हणून आतली सफाई आपल्याला दुप्पट महत्त्वाची. गाडी पूर्ण रिकामी करून आधी ब्रशने, मग व्हॅक्यूमने धूळ काढावी. पाणी ओतू नये. चटई किंवा गालिच्याखाली ओल राहिली की बुरशी धरते आणि बंद गाडीतला कुबट वास कापडाच्या ताग्यांत शिरतो. तो वास ग्राहकाला दुकानात पहिल्यांदा येतो. पुसल्यावर दारे उघडी ठेवून गाडी पूर्ण वाळवावी आणि त्याच दिवशी माल भरू नये. डॅशबोर्डला चमक आणणारे सिलिकॉनचे तेल टाळावे. त्याची चकाकी समोरच्या काचेत दिसते, आणि त्याचा हात कापडाला लागला तर डाग सहजासहजी निघत नाही. स्टिअरिंग, पायातील पट्ट्या आणि टायरचा रस्त्याला टेकणारा भाग यांना ते कधीच लावू नये, घसरण्याचा धोका असतो.

इंजिनावर जोराचे पाणी मारू नये. तारांचे जोड ओले होऊन गाडी बंद पडते. थंड इंजिन ओलसर फडक्याने पुसावे, एवढे पुरे.

हिशेब

आम्ही साहित्य घेतले तेव्हाचा खर्च अंदाजे असा : फवारणी पंप ५०० रुपये, दोन बादल्या ३००, हातमोजा २५०, सहा फडकी ६००, शाम्पू ३५०, मेण ५५०. एकूण २५५० रुपये. त्यानंतर वर्षाला शाम्पू व मेण मिळून हजाराच्या आसपास लागते. बाहेर एका साध्या धुलाईचे ३०० रुपये धरले आणि महिन्याला दोन धरल्या तर वर्षाचे ७२०० होतात. खरी बचत याहून मोठी आहे, ती विक्रीच्या वेळी दिसते.

ज्यांना तासभर वेळ काढणे परवडत नाही त्यांनी गाडी जरूर धुलाई केंद्रात न्यावी. परंतु आपली स्वच्छ फडकी बरोबर न्यावीत आणि तीच वापरायला सांगावे. दिवसभरात वीस गाड्यांना लागलेले फडके आपल्या गाडीला लागू देऊ नये.

तरुणांसाठी

हेच काम व्यवसाय म्हणूनही करता येते. पंप, दोन बादल्या, वीस-पंचवीस फडकी आणि एक दुचाकी एवढ्या साहित्यावर घरोघरी जाऊन गाड्या धुण्याचे काम सुरू होऊ शकते. त्यासाठी काही पथ्ये सांगतो. काम सुरू करण्यापूर्वी मालकासमोर गाडीवरचे जुने ओरखडे मोबाइलमध्ये टिपून ठेवावेत, म्हणजे पुढे वाद होत नाही. प्रत्येक गाडीला धुतलेली फडकी वापरावीत. पॉलिश आणि सिरॅमिकचे काम कोणाच्या हाताखाली शिकल्याशिवाय घेऊ नये. जे जाणार नाही ते जाईल असे सांगू नये. दुसऱ्याची गाडी हाती असते तोवर ती आपल्याकडे अमानत असते. या धंद्यात जाहिरातीपेक्षा हा एक शब्द जास्त गिऱ्हाईक आणतो.

शेवटी आमच्या सध्याच्या गाडीविषयी दोन शब्द. तिला आता चार वर्षे झाली. रोज पुसणे आम्ही बंद केले आहे. आठवड्यातून एकदा वरील रीतीने धुतो, मधल्या दिवसांत धूळ दिसली तरी हात लावत नाही. शेजारचे दुकानदार सुरुवातीला म्हणाले की, आजकाल तुमची गाडी मळकी दिसते. मागच्या महिन्यात आम्ही त्यांच्यासमोरच मोबाइलची बत्ती बॉनेटवर धरली, मग त्यांच्या गाडीवर धरली. त्यांनी त्याच दिवशी आपल्या गाडीतले जुन्या शर्टाचे फडके काढून टाकले.

वाचकांनीही आज रात्री आपल्या गाडीवर अशीच बत्ती धरून पाहावी. रेघा दिसल्या तर दोष कंपनीला देऊ नये, आधी आपले फडके तपासावे.